तीन कडव्यांचा धवला

त्या मालिकेला आमच्या आळीत कोणी तिच्या नावाने ओळखत नव्हतं. सगळे तिला 'जीप' म्हणत. "आज जीप हाय ना?" असं रविवारी सकाळी नळावर बायका एकमेकींना विचारत आणि त्या बेताने धुणं आटपत.

गोष्ट साधी होती. दोन भाऊ आणि एक बहीण. त्यांची आई वारलेली. ती लहानपणी त्यांना एक अंगाई म्हणायची, तिची शेवटची ओळ तिघांनाही आठवत नाही. म्हणून ते जीप घेऊन गावोगाव फिरतात. दर रविवारी एक गाव आणि त्या गावाचं एक गाणं. गाणं ऐकायचं, ती ओळ यात नाही म्हणून जरा उदास व्हायचं आणि जीपमध्ये बसून पुढे जायचं. अर्धा तास.

एवढ्या साध्या गोष्टीने आम्हाला का धरून ठेवलं होतं, याचा मी खूप विचार केला आहे. एक कारण ती बहीण होती. गाणं सुरू झालं की ती डोळे मिटायची आणि खरंच ऐकायची. नटी ऐकण्याचं नाटक करते आहे असं वाटायचं नाही. दुसरं कारण सुरुवातीची बासरी. ती वाजली की आळीतली भांडणंसुद्धा थांबत. आणि तिसरं, जे माझ्यापुरतं सगळ्यात मोठं, ते हे की जात्यावर, शेतात, पाळण्यापाशी बायका जे म्हणतात त्याला 'गाणं' म्हणतात, हे मला त्या मालिकेने सांगितलं. तोपर्यंत गाणं म्हणजे रेडिओवरचं. आमच्या घरात होतं ते गाणं नव्हतं. ते नुसतं आत्याचं काम होतं.

मालिकेत दोषही पुष्कळ होते, आणि ते आमच्या लोकांना चटकन दिसत. सगळ्या गावांत विहीर एकच होती. तिच्या काठाचा एक दगड निघालेला होता, तो कोकणातही निघालेला आणि देशावरही. बायका सहाच होत्या, नऊवारीचे रंग तेवढे बदलत. जीपला कधी चिखल लागत नसे. बाबा कारखान्यातून रात्रपाळी करून आलेले असायचे, अर्धवट झोपेत विचारायचे, "यांच्या जीपला डिझेल कोण घालतो? कामधंदा काय करतात तिघं?" एकदा जात्यावरची ओवी लागली होती. आत्या उंबऱ्यावर बसून बघत होती. ओवी संपली. मग म्हणाली, "गाते बरा. पन पीठ कुठं हाय? येवढा वेल दलते, एक चिमूट नाय परली खाली."

आम्ही सगळे हसलो. ती हसली नाही. तिला खरंच प्रश्न पडला होता.

आमची आळी ठाण्याच्या पूर्वेला, कोपरीत, खाडीच्या अंगाला. आजोबांपर्यंत सगळे खाडीवर जगले. मग खाडीचं पाणी काळं झालं आणि बाबा, काका कारखान्यांत लागले. आत्या मात्र मासळी विकत राहिली. टोपली घेऊन ती नौपाड्यात जायची, पण टोपलीतली मासळी आता खाडीतली कमी आणि मोठ्या बाजारातून आणलेली जास्त. ती बाबांची मोठी बहीण. लवकर विधवा झाली आणि माहेरी आली. सासूकडून तिने एकच गोष्ट आणली होती, धवला.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे लग्नाला भटजी येतो, पण त्याच्याआधी धवलारीण लागते. हळद लागण्याआधी ती मांडवात बसते आणि धवला म्हणते. सुरुवातीला देव, मग मांडवाचं, नवरीचं कौतुक. हा भाग गोड असतो. त्यानंतर येतं बोलावणं. त्या घरातली जी माणसं गेलेली आहेत, त्यांना एकेक करून लग्नाला बोलवायचं. नाव घ्यायचं, तो कसा गेला ते सांगायचं, त्याच्यासाठी काय करून ठेवलंय तेही सांगायचं. कोणासाठी खाडीतल्या निवट्या माशांचं कालवण, कोणासाठी बाटली. नाव आलं की त्या घरची बाई पाटावर चार तांदूळ ठेवते. म्हणजे तो येऊन बसला. हळद एकदा नवरीच्या अंगाला लागली की बोलावणं बंद. मग कोणाला बोलवत नाहीत.

आत्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. आमच्या आणि आजूबाजूच्या आळ्यांतल्या सगळ्या घरांची गेलेली माणसं तिला क्रमाने पाठ होती. एकाच्या शेवटच्या शब्दावर दुसऱ्याचं नाव उभं असायचं. मधला एक सुटला तर पुढचा सापडत नाही, असं ती म्हणायची. आणि मांडवाबाहेर ती एक ओळही म्हणत नसे. मी लहान असताना हट्ट केला तर म्हणायची, "उगाच कुनाला बोलवू नये, बाय."

मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात कॉलेजात जाणारी पहिलीच. वर्गात मी फारशी बोलत नसे. तोंड उघडलं आणि 'मला'च्या जागी 'मना' निघालं तर, ही भीती. म्हणून वाक्य आधी मनात धुऊन घ्यायचे आणि तोवर विषय बदललेला असायचा.

मालिकेच्या शेवटी एक पाटी येई. तुमच्या भागातलं गाणं आम्हाला कळवा. खाली डोंबिवलीचा पत्ता. मी ती पाटी पाच-सहा रविवार वाचली. मग एक पोस्टकार्ड लिहिलं, फाडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी जे टाकलं त्यात फक्त एवढंच होतं की माझी आत्या धवलारीण आहे आणि आमच्या आळीत लवकरच एक हळद आहे.

उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. पण आलं, आणि हळदीच्या दिवशी दुपारी एक बाई स्वतः आल्या. मालिकेसाठी गाणी गोळा करण्याचं काम त्या करायच्या. पन्नाशीच्या, सुती साडी, खांद्याला टेपरेकॉर्डरची पिशवी. डोंबिवलीहून गाडीने आल्या, स्टेशनपासून चालत आल्या, खाडीचा वास आला तरी त्यांनी नाकाला पदर लावला नाही. मी मुद्दाम बघत होते. आत्याला त्यांनी आधी विचारलं, "टेप लावला तर चालेल का तुम्हाला?"

आत्या म्हणाली, "मांडव हाय, हलद हाय. मना काय? लावा."

धवला सव्वा तास चालला. त्या बाई चटईवर मांडी घालून बसून होत्या. मध्ये एकदा कॅसेट उलटली. बोलावणं सुरू झालं तेव्हा मी त्यांच्या शेजारीच होते. आत्या एकेकाला बोलवत होती. एक दारू पिऊन बांधावरून पडलेला. एक रेल्वेच्या फाटकात गाडीखाली आलेला. एक बाई, बाळंतपणात गेलेली, तिला डिंकाचे लाडू. आणि शेवटी, पहिल्यांदाच, आमच्या समोरच्या घरातल्या काकीचा मोठा मुलगा. आदल्या पावसाळ्यात तो चिंबोऱ्या धरायला खाडीत उतरला आणि भरतीत गेला. एकोणीस वर्षांचा होता. सापडला नाही. ज्यांच्याकडे हळद होती ते काकीचे दीर, म्हणजे त्याच्या काकांचं घर, म्हणून त्याला बोलवायचं होतं. आत्याने त्याचं नाव घेतलं, तुझ्यासाठी शर्ट शिवलाय, असं म्हणाली. काकी उठली आणि तिने पाटावर तांदूळ ठेवले. मग ती अगदी शांतपणे पाटाशेजारी बसली, जसं कोणी बऱ्याच दिवसांनी घरी आलेल्या माणसाजवळ बसतं. त्या रात्री, पुष्कळ महिन्यांनी, मी तिला पोटभर जेवताना पाहिलं.

दोन दिवसांनी बाई पुन्हा आल्या आणि त्यांनी कॅसेट माझ्याकडे दिली. म्हणाल्या, "तुम्ही शिकलेल्या आहात, शब्द तुम्हीच उतरवून द्या. मला सगळे कळत नाहीत." मी शेजाऱ्यांचा टेप आणून कॅसेट चार वेळा ऐकली. शब्द लिहिले आणि एका शनिवारी डोंबिवलीला त्यांच्या घरी गेले.

ते घर मला अजून लख्ख आठवतं. दुसरा मजला, पांढरी फरशी, पुस्तकांचं कपाट, भिंतीला टेकवलेला तंबोरा. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, वर खोबरं-कोथिंबीर घातलेले पोहे दिले. त्यांचे यजमान आतून येऊन म्हणाले, "वा, ठाण्याहून आलात का? बसा, बसा." मला कोणी 'आलात' म्हणण्याची ती पहिलीच वेळ असावी.

बाईंनी माझे कागद वाचले. म्हणाल्या, "सुंदर आहे हो. पण इथे तीनच कडवी दिसतात. टेपवर तर बराच वेळ चाललंय. ते पुढचं काय आहे? कोणाकोणाला हाका मारल्यासारखं?"

मी पोहे खात होते. त्या खुर्चीवर बसून, त्या तंबोऱ्यासमोर, आमच्यात दारू पिऊन मेलेल्याला लग्नात बाटली ठेवून बोलावतात, हे कसं सांगायचं? कालवण, बाटली, गाडीखाली आलेला, हे सगळं मनात धुऊन पाहिलं. धुतलं जाईना.

"ते काही नाही," मी म्हणाले. "ते असंच असतं. वेळ काढायला लांबवतात."

"नक्की? मला ऐकताना तसं वाटलं नाही."

"नक्की."

त्यांनी कागद नीट एकावर एक ठेवले. मग म्हणाल्या, "बरं. तुम्हाला जास्त माहीत."

मी कॅसेट परत केली आणि निघाले. जिना उतरताना मला हलकं वाटत होतं, हेही लिहायला हवं.

आमचा भाग दोन महिन्यांनी लागला. आमच्या घरात चाळीसेक माणसं. आळीत टीव्ही आणखी दोघांकडे होता, पण धवला आत्याचा, म्हणून सगळे आमच्याकडे. बासरी वाजली. जीप बांधावरून आली. तीच विहीर दिसली तेव्हा पोरं ओरडली, "अरे, आपल्याकडे पण आली विहीर!" चकचकीत साड्या नेसलेल्या त्या सहाजणी डोक्यावर रिकाम्या टोपल्या घेऊन हसत आल्या. मग मांडव. मांडवात पांढऱ्या केसांचा टोप घातलेली एक म्हातारी बसली होती आणि तिच्या तोंडून एका तरुण, गोड गळ्यातून आत्याचा धवला निघाला. मागे सतार, बासरी. तीन कडवी. बहिणीने डोळे मिटले. संपलं. "ती ओळ यात नाही, दादा," ती म्हणाली आणि जीप निघाली. शेवटच्या नावांत एवढंच आलं, गीत: पारंपरिक.

बाबा म्हणाले, "आक्काचा नाव कुठंय?"

आत्याचं लक्ष दुसरीकडेच. "ती म्हातारी कोन? मी येवढी म्हातारी दिसते?"

"आते, मेकअप केला असता तर तूच हिरोईन होतीस," एक पोरगा म्हणाला, आणि आत्याने त्याला चापट मारायला हात उचलला. ती खूष होती. सगळेच खूष होते. खरं सांगायचं तर ते सुंदर वाटत होतं. मी स्वतः रडले. आमचे शब्द इतके स्वच्छ, इतके सुरेल असू शकतात यावर विश्वास बसत नव्हता.

सगळे गेल्यावर आत्या मला म्हणाली, "बाय, बाकीचा का नाय घेतला त्यांनी? बोलावना?"

"अर्ध्या तासाचा कार्यक्रम असतो, आते. त्यांना वेळ नसतो."

तिने मान हलवली. "आसंल. शिकलेली मानसं. त्यांना काय ठेवायचा, काय नाय, तेवढा कलत आसंल."

पुढची दोन-तीन वर्षं कशी बदलत गेली ते तेव्हा कळलं नाही. मालिका संपली. ती शेवटची ओळ त्यांना कुठेशी सापडली, मला आता ती आठवतही नाही. पण तिच्या गाण्यांची कॅसेट आली आणि आमच्याकडच्या लग्नांत वाजू लागली. आधी आत्या म्हणायची आणि मग कॅसेट लागायची. मग लोक म्हणायला लागले, "आते, टीव्हीतला म्हन ना, तेवढाच. जेवनं व्हायची हायेत." आत्या तेवढाच म्हणायची. तीन कडवी, आणि थांबायची. नौपाड्यातल्या गिऱ्हाइकांना तिने सांगितलं होतं, आमचा धवला टीव्हीत आला. एक दोन बायकांनी तिला दारात उभं करून म्हणायला लावलं असतं, पण ती मांडवाबाहेर म्हणत नसे, म्हणून त्यांनी कॅसेट आणली. आत्या ते कौतुकाने सांगायची.

ज्यांच्या घरात अलीकडे कोणी गेलेलं नव्हतं, त्यांना फरक पडला नाही. म्हाताऱ्या बायका कुरकुरायच्या. "टीव्हीनं धवल्याचा शेपूट कापला," असं एक आजी नेहमी म्हणायची. ते ऐकलं की मी तिथून उठून जायचे. कॉलेजात मात्र मी आता बोलायला लागले होते. त्या मालिकेत काय काय खोटं होतं यावर मी एकदा वर्गात दहा मिनिटं बोलले. विहीर, सहा बायका, न पडणारं पीठ, ती सतार, 'पारंपरिक' हा शब्द. सरांनी शाबासकी दिली. शेपटाबद्दल मी बोलले नाही.

मग समोरच्या काकीच्या मुलीचं लग्न ठरलं. जो मुलगा खाडीत गेला त्याची ही धाकटी बहीण. नवरा मुलगा दिवा गावचा. महिनाभर आधीपासून काकी आमच्याकडे येऊन आत्याला एकच सांगायची. "मना टेप नको. तू म्हन. आख्खा म्हन. तिचा भाऊस हाय, तो याया पायजेल."

"म्हनेन गो. सांगायला लागते काय?"

"मागच्या टायमाला तू बोलावलास तवा आला. मना कललं. माझ्या हाताला कललं."

"हो गो बाय. म्हनेन."

मला तेव्हा वाटलं, आता सगळं नीट होईल. हे जे इतकी वर्षं आत कुठेतरी टोचत होतं ते एका संध्याकाळी निघून जाईल.

हळदीच्या दिवशी सकाळपासून स्पीकर लावलेले होते. काकीने पाट मांडला, त्याच्यापुढे धुतलेले तांदूळ, एका ताटलीत घडी घातलेला नवा शर्ट. तेवीस वर्षांच्या माणसाच्या मापाचा. काकीने तो वर्षं मोजून घेतला होता. संध्याकाळी उजेड असतानाच आत्या मांडवात येऊन बसली. पोरांनी सवयीने कॅसेट लावली, तशी काकी ओरडली, "बंद कर तो! मेल्यांनो, बंद कर!"

"काकी, तोच धवला हाय, चांगल्या आवाजात."

"तुझा चांगला आवाज घाल चुलीत. माझी आते म्हननार हाय."

स्पीकर बंद झाले. आत्याने डोकीवरचा पदर सारखा केला आणि सुरू केलं. देव आले. मांडव आला. नवरीचं कौतुक आलं. आत्याचा आवाज जाडा आणि थोडा फाटका होता. मला आठवतं, मी मनात म्हटलं, हाच खरा. तिसरं कडवं संपलं आणि आत्या थांबली.

सगळ्यांना वाटलं, श्वास घेते आहे. काकीने मुठीत तांदूळ घेतले होते.

आत्याने पुन्हा तिसऱ्या कडव्याची शेवटची ओळ घेतली, जशी आपण उडी मारण्याआधी दोन पावलं मागे जातो तशी. ओळ संपली आणि ती पुन्हा तिथेच थांबली. ओठ हलत होते. बोलावण्याचा पहिला माणूस तिला सापडत नव्हता. तो सापडल्याशिवाय दुसरा नाही, आणि काकीचा मुलगा तर सगळ्यांच्या शेवटी. किती वर्षं गळा तिथे येऊन थांबत आला होता. आता तो तिथेच थांबायला शिकला होता.

काकी हळूच म्हणाली, "आते, म्होरं."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. का पाहिलं मला माहीत नाही. कदाचित मी समोर होते म्हणून. मी कॅसेट चार वेळा ऐकली होती, पण ऐकताना माझं लक्ष पेन्सिलकडे होतं आणि काय वगळायचं तिकडे. पहिला माणूस मलाही आठवेना. मी मान खाली घातली.

हे सगळं फार तर दोन मिनिटं चाललं असेल. मागे दिव्याहून आलेली पाहुणी माणसं बोलायला लागली. पोरांना वाटलं झालं. कोणीतरी "चला, हलद!" म्हणालं आणि बँजोवाल्यांनी सुरू केलं. नवरीला करवल्यांनी घेरलं. कोणाचा तरी पिवळा हात तिच्या गालाला लागलेला मी पाहिला.

काकी अजून तांदूळ धरून उभी होती. "थांबा ना," ती म्हणाली, "माझा पोर राहिला." बँजोत ते चार-पाच जणांनाच ऐकू गेलं असेल. एक करवली तिला म्हणाली, "काकी, या ना, तुमीपन लावा," आणि तिचा हात धरून तिला नवरीकडे घेऊन गेली. काकीने मुलीला हळद लावली. तांदूळ अजून त्याच मुठीत होते, हळदीने पिवळे झाले.

लग्न झालं. मुलगी दिव्याला गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी आत्या टोपली न उचलता समोर गेली. मी तिच्या मागे गेले. मांडवाचे बांबू सोडायला दोघे जण आले होते, ते बाहेर सुतळ्या कापत होते. काकीने आम्हाला बसायला चटई दिली, चहा टाकला. रागाचा एक शब्द नाही. तो असता तर बरं झालं असतं.

चहा देताना ती म्हणाली, "तो पयल्यापासून आसाच. हाक मारल्याबगर कुनाकरं जायाचा नाय. मामाकरं पन नाय जायाचा. बाहेर बसला आसंल कुठं तरी."

आत्या रडायला लागली. मी तिला इतक्या वर्षांत रडताना पाहिलं नव्हतं. "त्या टीव्हीवाल्यांनी खाल्ला गो माझा धवला," ती म्हणाली. "मेल्यांनी मधीच कापला, आन माझा गला तिथंच मेला."

मी म्हणाले, "त्यांनी नाही कापला."

दोघींनी माझ्याकडे पाहिलं.

"मी कापला, आते. त्या बाईंनी विचारलेलं, पुढचं काय आहे. मी सांगितलं, काही नाही. मला लाज वाटली."

आत्याचा हात डोळ्यांपाशी तसाच राहिला. बाहेर बांबू पडल्याचा आवाज आला. मला वाटलं, ती आता मला मारेल. तिने मारावं असंही वाटलं. पण ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "मना बी वाटायची. त्या नौपार्‍याच्या बायका म्हनायच्या, कसा गोर हाय तुमचा गाना. तवा मना वाटायचा, बरा झाला त्यांनी बाटलीचा नाय ऐकला."

काकीला यातलं काही नको होतं. ती माझ्याकडे सरकली. तिच्या डोळ्यांत एकदम काहीतरी आलं. "म्हंजी तुना येतो?" ती म्हणाली. "तू कापलास, म्हंजी काय कापला ते तुना म्हाईत हाय. मंग तू म्हन. माझ्या पोराचा तेवढा म्हन."

चाल मला येत नव्हती. क्रम येत नव्हता. मला फक्त एवढं आठवत होतं की त्या कॅसेटच्या शेवटी आत्याने त्याचं नाव घेतलं होतं, खाडीतून वर ये म्हणाली होती, तुझ्यासाठी शर्ट शिवलाय म्हणाली होती. ते मी चार वेळा ऐकून कागदावर घेतलं नव्हतं. पण तेवढं राहिलं होतं. मी तोंड उघडलं. गाता येत नव्हतं म्हणून नुसतं बोलले. मी त्याचं नाव घेतलं आणि म्हणाले, "वर ये..."

आत्याने माझ्या तोंडावर हात ठेवला. तिच्या हाताला मासळीचा आणि हळदीचा वास होता.

"नको, बाय," ती म्हणाली. "आता नको बोलवू. आला तर त्याला बसवायचा कुठं?"

काकीने दाराबाहेर पाहिलं. अंगणात चार खड्डे राहिले होते आणि बांबू खांद्यावर घेऊन माणसं चालली होती. मग तिने आमच्या कपबशा उचलल्या आणि ती धुवायला घेऊन गेली.